तीन वेळा भेट दिली

५ नोव्हेंबर

विषय मिळाला! 'मतदान सक्तीचे असावे का?' मी लगेच 'बाजूने' वर खूण केली. सोळा तारखेला लातूरला स्पर्धा आहे, मतदार जागृतीसाठी शिक्षकांची वक्तृत्व स्पर्धा. उंबरदऱ्याच्या शाळेतून मीच जाणार. आम्ही दोघीच शिक्षिका, आणि दुसरीला माईक दिसला की घाम फुटतो.

लोकसभेला उंबरदऱ्यात चोपन्न टक्के मतदान झालं. चोपन्न! घर माझं अहमदपूरला, पण या गावची बीएलओ मीच. म्हणजे मतदार यादी माझ्या हातात. घरोघर जाऊन नवीन नावं घालायची, मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची काढायची. ऊन डोक्यावर घेऊन यादी करायची मी, आणि मतदानाच्या दिवशी हे लोक शेतात, नाही तर लग्नात, नाही तर बाजेवर पाय पसरून! सक्तीच पाहिजे. दंड पाहिजे. एसटीची सवलत बंद करा, बघा कसे रांगेत येतात.

७ नोव्हेंबर

भाषण मामंजींना वाचून दाखवलं. मामंजी — माझे सासरे, व्यंकटी सोनकांबळे, रिटायर एसटी ड्रायव्हर — या घरातले एकमेव श्रोते. प्रीतम ऐकत नाही. नवरा म्हणून मी रोजच ऐकतो, म्हणतो.

मामंजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बराबर हाय. पण मत न देणाराला तू इचारलंस का, का दिलं न्हाई म्हणून?"

आळस, दुसरं काय, मी म्हटलं.

"तीस वर्सं गाडी चालवली म्या. जबरदस्तीनं चढवलेला पाशिंजर फुडच्या फाट्यावर उतरतो."

लोकशाही म्हणजे एसटी नव्हे, मामंजी!

"हाव, ते बी खरंय. एसटी कवातरी येळेवर सुटती."

प्रीतम आतून हसला. मला राग आला. रागात अजून एक परिच्छेद लिहिला, तो मात्र चांगला झालाय.

माझी आई मतदानाला जाताना पांढरं पातळ नेसायची. बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडायची आणि मगच घराबाहेर पडायची. आजारी असली तरी. तिला कुणी सक्ती केली नव्हती — हे लिहिता लिहिता मनात आलं. भाषणात घालायचं नाही. ते विरुद्ध बाजूला जाईल.

९ नोव्हेंबर

भाषण पाठ. साडेचार मिनिटं. दंडाच्या वाक्यावर टाळ्या पडणार!

१२ नोव्हेंबर

स्वयंपाक राहू दे, आधी हे लिहिते.

आज उंबरदऱ्यात वीस तारखेच्या विधानसभेच्या मतदार चिठ्ठ्या वाटल्या. मारुतीच्या पाराकडून सुरुवात केली, दुपारी खालच्या गल्लीत पोचले. तुळजामावशी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. मला बघून उठली, पदराला हात पुसला आणि हात पुढे केला. "द्या बाई माजी चिठ्ठी." मी गठ्ठा चाळला. पुन्हा चाळला. नाही. यादी उघडली. यादीत नावच नाही!

तुळजामावशी! दर निवडणुकीला पहिल्या नंबरात उभी असणारी. मतदान अधिकारी दात घासत असतात तेव्हा ही दाराशी हजर. लोकसभेला तिचा फोटो मीच काढला होता, ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'हिच्याकडून शिका!'

मी म्हटलं, मावशी, चिठ्ठी मागे राहिली असेल, आणून देते. ती म्हणाली, "आणा सवडीनं. तुमी काय खोटं बोलताव का."

घरी आले आणि लोकसभेनंतरची, मे महिन्याची फाईल काढली. तिचं नाव मीच कमी केलंय. माझ्या अक्षरात आहे. 'सदर मतदार गाव सोडून कायमचे स्थलांतरित. घरास कुलूप. तीन वेळा भेट दिली.'

तीन वेळा नाही. एकदा गेले होते. दाराला कुलूप होतं, उंबऱ्यावर बाभळीची फांदी आडवी टाकलेली. इथं माणूस बरेच दिवस बाहेर जाऊन परत येणार असेल तर फांदी टाकतात, ढोरं-कुत्री दारात बसू नयेत म्हणून. मला ते माहीत आहे. ऊन बेचाळीसचं होतं, यादी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. शेजारी विचारलं असतं तर दोन मिनिटं लागली असती.

१३ नोव्हेंबर

शाळेतून सरळ गावातल्या सिद्रामप्पांच्या किराणा दुकानात गेले. मावशीचं नाव कमी केल्याच्या पंचनाम्यावर पंच म्हणून त्यांची सही आहे. त्यांना कागद दाखवला. चष्मा शोधून त्यांनी तो वाचला — बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच वाचला — आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अहो बाई, तुळजाबाई तर बिलोलीला भाचीच्या बाळंतपणाला गेलती! चार महिन्यांसाठी. मलाच सांगून गेलती, घराकडं ध्यान ठिवा म्हणून. अन् माजीच सही?"

त्यांचीच सही. कारण सही कोऱ्या कागदावर घेतलेली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथंच लिहिते. उन्हाळ्यात दर वेळी दोन पंच कुठून आणायचे? म्हणून मी एकदाच पाच कोरे पंचनामे तेलाच्या डब्यावर ठेवले, सिद्रामप्पांनी गिऱ्हाइकाला साखर देता देता पाचांवर सह्या केल्या, दुसऱ्या पंचानेही केल्या. बाई म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. मजकूर मी घरी पंख्याखाली बसून भरला.

नाव कमी करायच्या आधीची नोटीस मी तिच्या बंद दारालाच डकवली होती. ती शेळीनं खाल्ली असणार.

१४ नोव्हेंबर

तहसीलमध्ये गेले. नायब तहसीलदारांना विचारलं — आपलं सहजच, गावातल्या एका बाईचं नाव चुकून गेलंय, असं. ते भले माणूस. म्हणाले, यादी बंद झाली मॅडम, आता कलेक्टर साहेबांच्या हातात पण नाही. निवडणूक झाली की नवीन नावाचा अर्ज, नमुना सहा, भरून घ्या.

म्हणजे वीस तारखेला तुळजामावशीचं मत नाही. काही केलं तरी नाही.

रात्री जेवण गेलं नाही. प्रीतमनं विचारलं तर म्हटलं, भाषणाचं टेन्शन.

१६ नोव्हेंबर

दुसरा नंबर आला. ढाल मिळाली!

उद्गारचिन्ह सवयीनं पडलं.

बोलायला उठले तेव्हा सगळं पाठ होतं. आवाज चांगला लागला. "जो नागरिक मत देत नाही, त्याला दंड झालाच पाहिजे!" टाळ्या पडल्या, पहिल्या रांगेतले परीक्षकही मान हलवत होते. आणि त्या टाळ्यांत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझा कायदा आला असता, तर एकवीस तारखेला दंडाची पहिली पावती तुळजामावशीच्या दारात गेली असती. मत दिलं नाही म्हणून. आणि दोष कुणाचा? भाषण करणारीचा.

तरी मी थांबले नाही. राहिलेली दोन मिनिटं पूर्ण बोलले, हात वर करून शेवट केला. माझी मला शिसारी आली. लातूर-अहमदपूर गाडीत ढाल पिशवीत घालून पायाशी ठेवली.

घरी मामंजींनी ढाल शोकेसमध्ये ठेवायला घेतली. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळं सांगितलं, कोऱ्या सह्यांसकट. रडले. वाटलं होतं, एसटीचा एखादा टोमणा मारतील. नाही मारला. म्हणाले, "मला सांगून काय फायदा? जिचं हाय तिला सांग. उद्या आयतवार हाय."

१७ नोव्हेंबर

गेले. स्कूटी गावाबाहेरच लावली, का ते मलाच माहीत नाही.

तुळजामावशीनं चहा ठेवला. मी म्हटलं, आधी ऐका. सगळं सांगितलं. तीन वेळा नव्हे, एकदाच आले होते हेही सांगितलं. ती ऐकत होती, चुलीवरचा चहा उतू गेला तरी उठली नाही.

मग बोलली. मी ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"बाई, मला नवऱ्यानं टाकलं तवा मी एकोणीस वर्साची व्हते. त्याच्या गावच्या रेशन कारडावरनं माजं नाव काडलं. हितं भावानं घातलं न्हाई, त्याची बायकू नको म्हनली. जमिनीला न्हाई, घराला न्हाई. मंग एक मास्तर आले यादी लिवाया. म्हनले, तुजं नाव सांग, बापाचं नाव सांग. तुळजाबाई मारोती. पयल्यांदा कागदावर आले मी. म्हनून जाते म्या पहाटं उटून. कुनाला निवडून आनायला न्हाई जात. मी हाय, ते सांगाया जाते."

माफ करा म्हटलं. तिनं माफ केलं नाही. हे नीट लिहिते, नाही तर उद्या वाटेल केलं होतं.

ती म्हणाली, "तकरार करायचीय मला. कुनाकडं करत्यात?"

तहसीलदारांकडे.

"मंग लिवा. मला लिवता येत न्हाई. गावात दुसऱ्या कुनाला नीट येत न्हाई. तुमचंच अक्षर चांगलंय."

आणि मी लिहिली. माझ्याविरुद्धची तक्रार, माझ्याच पेनानं, तिच्या उंबऱ्यावर बसून. 'मा. तहसीलदार साहेब, अर्जदार तुळजाबाई मारोती, विनंती अर्ज करते की…' सवयीनं पुढे लिहून गेले, 'बीएलओ यांचेकडून अनवधानाने'. ती म्हणाली, वाचा काय लिवलं. वाचलं.

"अनवधानानं म्हंजी?"

चुकून, मावशी.

"चुकून कुठं? तुमीच तर म्हनलाव, ऊन व्हतं अन् कटाळा आला. कटाळा लिवा."

मी खोडून 'कंटाळा केल्यामुळे' लिहिलं. सरकारी अर्जात हा शब्द मी कधी पाहिलेला नाही. तिनं अंगठा दिला. अर्ज लिहिणाराचं नाव खाली लागतं, म्हणून लिहिलं — लुंबिनी प्रीतम सोनकांबळे, सहशिक्षिका व बीएलओ. ती अर्जाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवत होती, मीच म्हटलं, द्या, उद्या मीच नेऊन देते. "न्हाई," म्हणाली. "पोच माज्या हातात पायजे."

मग तिनं सांडलेला चहा पुसला आणि नवीन ठेवला. आम्ही दोघींनी प्यायला.

१८ नोव्हेंबर

ती सकाळच्या जीपनं अहमदपूरला आली. अर्ज दिला, पोच घेतली. प्रीतम म्हणतो, तू वेडी आहेस, नोटीस येईल. येऊ दे म्हटलं. खरं तर भीती वाटते. सोळा वर्षांच्या नोकरीत एक शेरा नाही.

मामंजींनी आज स्वतःहून चहा करून दिला. साखर विसरले होते.

२० नोव्हेंबर

मतदान झालं. पाय सुजलेत, पण लिहून झोपते.

पहाटे सहाला केंद्रावर गेले तर शाळेच्या फाटकाशी तुळजामावशी! स्वच्छ लुगडं, डोक्यावर पदर. मी म्हटलं, मावशी, यादीत नाव नाही, मी सांगितलं होतं ना. म्हणाली, "तुमी सांगितलं. सरकारनं कुटं सांगितलं?"

सातला ती पहिली आत गेली. केंद्राध्यक्ष तरुण मुलगा होता, नांदेडचा, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवतो. त्यानं यादी दोनदा पाहिली, उभा राहिला, आणि म्हणाला, "आजी, नाव नाही. मला वाईट वाटतं." ती म्हणाली, "बरं. तुमचं काम तुमी केलं." बाहेर आली.

मला वाटलं घरी जाईल. नाही गेली! फाटकापासून लांब, लिंबाखाली बसली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होती, "माजं नाव न्हाई. तुजं हाय का बघून ये." कुणाला द्या नाही, कुणाला नको नाही, फक्त बघून ये. ज्यांनी चिठ्ठ्या घरात कुठं तरी टाकल्या होत्या ते शोधायला लागले. पोरं मोबाइलवर नावं बघायला लागली. ज्यांना मतदानाची फिकीर नव्हती त्यांना नाव असण्याची मात्र फिकीर निघाली. आणि नाव आहे म्हटल्यावर, आलोच आहोत तर देऊन जाऊ! दुपारी तीनला रांग फाटकाबाहेर गेली. उंबरदऱ्यात रांग! भर दुपारी!

टक्केवारी — एक्क्याऐंशी.

मी दंडाची भाषा केली, आणि हिनं नुसतं बसून हे केलं. आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

माझं स्वतःचं मत टपालानं आधीच गेलं होतं.

४ डिसेंबर

नोटीस आली. 'कारणे दाखवा.' सात दिवसांत खुलासा.

प्रीतमच्या एका मित्रानं मसुदा पाठवला — कामाचा ताण, उष्माघात, पंचांनी दिलेली माहिती. पंचांनी दिलेली माहिती! सिद्रामप्पांच्या गळ्यात घालू? मसुदा फाडला आणि चार ओळी लिहिल्या. भेट एकदाच दिली. सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या. पंचांचा दोष नाही. अशा पद्धतीनं कमी केलेली बाकी चार नावंही पुन्हा तपासावीत, अशी माझीच विनंती आहे.

११ डिसेंबर

तपासणी झाली. चारपैकी दोघे खरंच मयत. दोघे चुकीचे! एक पुण्याला कंपनीत जातो पण घरदार इथंच, आणि चांगुणाबाई — त्या गावातच होत्या, फक्त लेकाच्या घरी वरच्या गल्लीत राहायला गेल्या होत्या. त्यांना तर माहीतही नव्हतं. "मी तवापासून न्हाई व्हय?" असं विचारून खूप हसल्या. त्यांचं हसणं मला सहन होईना.

तिघांचेही नमुना सहा भरले. प्रत्येक घरी तीनदा गेले. गरज नव्हती तरी.

सिद्रामप्पा आता काहीही वाचल्याशिवाय सही करत नाहीत. शाळेच्या पोषण आहाराच्या कागदावर आज त्यांनी मला पाऊण तास उभं केलं. तांदळाचा आकडा दोनदा विचारला. चिडचिड झाली आणि बरंही वाटलं.

२३ डिसेंबर

लेखी ताकीद. सेवापुस्तकात नोंद. काम माझ्याकडेच ठेवलंय, कारण दुसरं कुणी घेत नाही.

घरी ताट वाढताना मामंजी म्हणाले, "आमच्या डेपोत ज्याच्यावर शेरा न्हाई तो डायवर डेपोतच बसून ऱ्हायलेला असायचा." हा टोमणा नव्हता.

२५ जानेवारी

मतदार दिवस. तालुक्याला बोलायला बोलावलं, ढाल मिळालेली म्हणून. विषय तोच, सक्ती.

मी म्हटलं, सक्ती करा. पण आधी माझ्यावर करा. प्रत्येक दाराशी खरोखर तीनदा जाण्याची सक्ती बीएलओवर करा, नाव कमी करण्याआधी माणसाला समोर बघण्याची सक्ती करा. एक वर्षभर एवढी पाळून दाखवू, आणि मग मतदाराच्या सक्तीचं बोलू. तुळजामावशीचं सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. टाळ्या फार पडल्या नाहीत. खाली आल्यावर मात्र तिघी बीएलओ येऊन हळूच म्हणाल्या, कोऱ्या सह्या आमच्याकडे पण आहेत. उद्यापासून तपासतो म्हणाल्या.

फार हलकं वाटतंय.

२ फेब्रुवारी

आलं! तुळजाबाई मारोती. नवीन यादीत. छापील. मी पळतच गेले दाखवायला. तिनं विचारलं, बापाचं नाव बराबर हाय का? बरोबर आहे म्हटलं. तिनं शेंगांची चटणी बांधून दिली. माफ केलं असं अजून म्हणालेली नाही. चटणी तिखट आहे.

१२ मे

ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक लागली. दोन उमेदवार. दोघेही सकाळ-संध्याकाळ खालच्या गल्लीत. तुळजामावशीचं मत दोघांनी आपलंच धरलंय. पहिल्या नंबरात येणारी बाई, तिचं मत शुभशकुन म्हणे! मी मात्र दिवस मोजतेय. माझ्या हातानं गेलेलं मत रविवारी परत मिळणार.

१८ मे

साडेसातला तुळजामावशी पहिली आत गेली. दाराशी दोन्ही उमेदवार हात जोडून उभे. अधिकाऱ्यानं नाव मोठ्यानं वाचलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बास. मत न्हाई द्यायचं मला." अधिकारी म्हणाला, आजी, खाली 'नोटा'चं बटण आहे. "ते बी नको," म्हणाली आणि बाहेर आली. मी टेबल सोडून मागे धावले — मावशी, अहो, सहा महिने आपण कशासाठी भांडलो मग? ती म्हणाली, "द्यायचं का न्हाई, ते माज्याकडं असावं म्हनून. दोघांनी बी मत मागितलं बाई, पर तुला काय पायजे म्हनून एकानं बी इचारलं न्हाई." आणि चालू लागली. दोन्ही उमेदवार तिच्या मागे पळत गेले, विचारायला.